चौथं भूत सोडू नका: पॅक-मॅन आणि इतर जुन्या आर्केड गेममध्ये मोठा स्कोअर कसा करायचा

पॅक-मॅन म्हणजे भुलभुलैयासारख्या बोर्डावर ठिपके खात फिरणारं गोल तोंड, आणि त्याच्या मागे चार भुतं. त्या बोर्डावर २४० छोटे ठिपके असतात आणि चार मोठ्या गोळ्या. ठिपक्याचे १० गुण, मोठ्या गोळीचे ५०. म्हणजे सगळा बोर्ड पुसून काढला तरी हातात येतात २,६००. शाळेत असताना बस स्टँडसमोरच्या पार्लरमध्ये मी वर्षभर हेच करायचो: ठिपके खायचे, भूत दिसलं की पळायचं. कॉइन दोन-तीन मिनिटांत संपायचं. तिथे येणारा माझ्याच वयाचा एक मुलगा मात्र पहिल्याच लेव्हलमधून बारा हजारांच्या वर घेऊन बाहेर पडायचा. मला वाटायचं, त्याचा हातच वेगळा आहे. हात माझ्यासारखाच होता. त्यानं आधी हिशेब केला होता, इतकंच.

तो हिशेब आणि त्यातून निघणारी खेळायची पद्धत इथे पायरीपायरीनं मांडतो. मुख्य उदाहरण पॅक-मॅनचं घेतलंय, कारण १९८० साली नाम्कोमध्ये तोरू इवातानी यांनी केलेला हा गेम आतून पूर्ण उलगडलेला आहे. भुतं कशी वागतात, किती वेगानं पळतात, सगळं माहीत आहे. शेवटी गॅलागा, ॲस्टरॉइड्स आणि स्पेस इन्व्हेडर्सकडेही येऊ.

पहिलं काम: गुण कुठे आहेत ते मोजा

मोठी गोळी खाल्ली की भुतं निळी होतात आणि थोडा वेळ तुम्ही त्यांना खाऊ शकता. पहिलं भूत २००, दुसरं ४००, तिसरं ८००, चौथं १,६००. एका गोळीवर चारही मिळाली तर ३,०००, चार गोळ्यांवर १२,०००. शिवाय पहिल्या लेव्हलला दोनदा येणारी चेरी, प्रत्येकी १०० गुणांची. पहिल्या लेव्हलची जास्तीत जास्त कमाई अशी १४,८०० होते आणि त्यातले १२,००० निव्वळ भुतांचे असतात.

आता पुन्हा एकदा तीच बेरीज बघा. पहिली तीन भुतं मिळून १,४००. एकटं चौथं १,६००. तीन खाऊन खूश होऊन ठिपक्यांकडे वळणारा माणूस अर्ध्याहून जास्त गुण तिथेच टाकून निघून जातो. आणखी एक खाच आहे. भुतं निळी असतानाच दुसरी मोठी गोळी खाल्लीत तर मोजणी पुन्हा २०० पासून सुरू होते. घाबरून लागोपाठ दोन गोळ्या गिळणं ही नवशिक्याची सगळ्यात महागडी सवय. माझी तर होतीच.

हा हिशेब मात्र शेवटपर्यंत असाच राहत नाही. भुतं निळी राहण्याचा काळ पहिल्या लेव्हलला ६ सेकंद, दुसरीला ५, तिसरीला ४, चौथीला ३ आणि पाचवीला २ असतो. सहावीला आणि दहावीला तो पुन्हा ५ होतो, पण नववीला एकच सेकंद. सतराव्या लेव्हलला भुतं निळी होतच नाहीत, अठराव्याला सेकंदभर होतात आणि एकोणिसाव्यापासून कधीच नाही. गोळी खाल्ली की ती नुसती मागे वळतात. इकडे फळं मात्र महाग होत जातात: चेरी १००, स्ट्रॉबेरी ३००, संत्रं ५००, सफरचंद ७००, खरबूज १,०००, गॅलॅक्सियन या दुसऱ्या गेममधलं यान २,०००, घंटा ३,००० आणि तेराव्या लेव्हलपासून पुढे कायम किल्ली, ५,००० गुणांची. (यान आणि किल्ली ही कुठली फळं, हे विचारू नका. पार्लरमध्ये आम्ही सगळ्यालाच फळ म्हणायचो.) प्रत्येक लेव्हलला फळ दोनदा येतं. म्हणजे विसाव्या लेव्हलला ठिपक्यांचे २,६०० आणि किल्ल्यांचे १०,०००.

तर सुरुवातीला भुतं, पुढे किल्ल्या. ठिपके लेव्हल संपवण्यापुरते.

या गेममध्ये जास्तीत जास्त ३३,३३,३६० गुण मिळू शकतात. १९९९ मध्ये बिली मिचेल या अमेरिकन खेळाडूच्या नावावर असा डाव नोंदला गेला आणि त्यावर पुढे बरेच वादही झाले. वाद बाजूला ठेवून हा आकडा येतो कसा ते बघा. २५५ लेव्हलचे ठिपके, प्रत्येकी २,६०० प्रमाणे, ६,६३,०००. भुतं निळी होणाऱ्या १७ लेव्हल, म्हणजे पहिल्या १६ आणि अठरावी, प्रत्येकी १२,००० धरून २,०४,०००. पहिल्या बारा लेव्हलची फळं २९,६००. तेराव्यापासून २५५ व्या लेव्हलपर्यंतच्या किल्ल्या २४,३०,०००. बेरीज ३३,२६,६००. उरलेले ६,७६० कुठून येतात ती गंमत पुढे सांगतो. तूर्त एवढंच लक्षात घ्या की एकूण गुणांतले चारातले जवळजवळ तीन हिस्से एकट्या किल्लीचे आहेत.

दुसरं काम: चौघांना ओळखा

जपानी मशीनवर या चार भुतांना त्यांच्या वागण्यावरून नावं दिली होती. लाल ‘ओइकाके’ म्हणजे पाठलाग करणारं, गुलाबी ‘माचिबुसे’ म्हणजे दबा धरणारं, आकाशी ‘किमागुरे’ म्हणजे लहरी आणि नारिंगी ‘ओतोबोके’. या चौथ्याला मराठीत अगदी तयार वाक्प्रचार आहे: वेड घेऊन पेडगावला जाणारं. आपण ओळखतो ती ब्लिंकी, पिंकी, इंकी, क्लाइड ही नावं. पण खेळताना जपानी नावं जास्त उपयोगी पडतात.

बोर्ड आतून छोट्या चौकटींत विभागलेला आहे. लाल ब्लिंकी तुम्ही ज्या चौकटीत आहात नेमकी तीच धरून येतो. साधा आणि चिवट. बोर्डावर थोडेच ठिपके उरले (पहिल्या लेव्हलला २०) की त्याचा वेग वाढतो, १० उरल्यावर आणखी वाढतो. म्हणून शेवटचे ठिपके चार कोपऱ्यांत विखरून ठेवायचे नाहीत, एकाच पट्ट्यात ठेवायचे. ‘सगळं खाल्लं, दोनच राहिले होते’ असं म्हणत मरणाऱ्यांना मारणारा बहुतेक वेळा हाच असतो.

गुलाबी पिंकीचं लक्ष तुमच्या चार चौकटी पुढे असतं. त्यामुळे तिच्याकडे तोंड करून थेट चालत गेलात आणि अंतर चार चौकटींहून कमी असलं, तर तिचं लक्ष्य तिच्याच पाठीमागे पडतं, आणि मध्ये फाटा असेल तर ती बहुधा वळून निघून जाते. पहिल्यांदा करताना छाती धडधडते. फाटा नसलेल्या गल्लीत मात्र हा प्रयोग करू नका.

आकाशी इंकीचं गणित ब्लिंकीवर अवलंबून आहे. तुमच्या दोन चौकटी पुढे एक बिंदू धरायचा, ब्लिंकीपासून त्या बिंदूपर्यंत रेघ काढायची आणि तेवढीच पुढे वाढवायची. तिथे इंकी निघतो. खेळताना रेघा काढायला कोणाला वेळ आहे? एवढं पुरे: ब्लिंकी तुमच्या जवळ असेल तर इंकीही जवळ येतो, ब्लिंकी लांब असेल तर इंकी भलतीकडे भटकतो. ब्लिंकी पाठीशी आणि इंकी समोर, अशी कात्री ओळखायला शिका.

नारिंगी क्लाइड लांबून ब्लिंकीसारखाच येतो, पण आठ चौकटींच्या आत आला की अंग काढून खाली डाव्या कोपऱ्याकडे वळतो. तुम्हीच त्याच्या त्या वाटेत असाल तर मेलात. खाली डावीकडच्या मोठ्या गोळीजवळ तो आपसूक सापडतो, हेही त्याच सवयीमुळे.

तिसरं काम: त्यांचं वेळापत्रक पकडा

भुतं सतत मागे लागत नाहीत. पहिल्या लेव्हलला सुरुवातीचे ७ सेकंद ती आपापल्या कोपऱ्यात पांगलेली असतात: ब्लिंकी वर उजवीकडे, पिंकी वर डावीकडे, इंकी खाली उजवीकडे, क्लाइड खाली डावीकडे. मग २० सेकंद पाठलाग, पुन्हा ७ सेकंद पांगापांग, २० पाठलाग, ५ पांगापांग, २० पाठलाग, ५ पांगापांग आणि त्यानंतर अखंड पाठलाग. लाइफ गेली की हे घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं.

याची खूण अशी की भुतं एरवी स्वतःहून मागे फिरत नाहीत. चौकात वळतील, पण आल्या वाटेनं परत नाही. चारही एकदम उलटी फिरली की समजायचं, घंटा झाली. ती पांगलेली असताना अडचणीचे कोपरे साफ करा, पाठलागाच्या काळात मोकळ्या जागेत राहा. इतकं केलं तरी एका कॉइनवर दुप्पट वेळ खेळाल.

चौथं काम: वेगाचा फायदा घ्या

हा आकडा मला फार उशिरा कळला आणि कळल्यावर स्वतःचाच राग आला. पूर्ण वेग १०० धरला तर पहिल्या लेव्हलला रिकाम्या वाटेवर पॅक-मॅनचा वेग ८०, भुतांचा ७५ आणि ठिपके खात असताना पॅक-मॅनचा ७१. म्हणजे भूत मागे लागलेलं असताना ठिपक्यांनी भरलेल्या गल्लीत शिरलात तर ते तुम्हाला गाठत येणार. खाऊन रिकाम्या केलेल्या गल्लीत शिरलात तर मागे पडणार. मी वर्षभर नेमकं उलटं करत होतो, ‘पळता पळता तेवढेच ठिपके’ म्हणून.

दोन्ही बाजूंच्या बोगद्यात भुतांचा वेग ४० होतो, तुमचा कमी होत नाही. अंगाशी आलं की बोगदा गाठा. मात्र पलीकडे कोण उभं आहे ते शिरण्याआधी बघा.

वळणांवरही तुमचा फायदा आहे. वळण येण्याच्या किंचित आधी काडी (जॉयस्टिक) वळवून धरली तर पॅक-मॅन कोपरा कापून जातो. भुतांना हे जमत नाही. एका वळणावर मिळतं ते क्षणापुरतं, पण सहा वळणांत मागचं भूत चांगलं लांब राहतं. एकविसाव्या लेव्हलपासून पॅक-मॅनचा वेग ९० वर येतो आणि भुतांचा ९५ राहतो, तेव्हा सरळ गल्लीत तुमची सुटका नाही. तारतात ती वळणंच. म्हणून ही सवय पहिल्या लेव्हलपासून लावा. वळण दिसल्यावर काडी हलवायची नाही, आधीच्या गल्लीत असतानाच हलवून धरायची. मुठीत आवळलेली काडी उशिरा वळते; अंगठा आणि दोन बोटांत सैल धरली तर बरं. आणि घरी खेळत असाल तर जॉयस्टिक चारच दिशांची घ्या. आठ दिशांच्या काडीवर तिरका हात गेला की पॅक-मॅन सरळ निघून जातो आणि तुम्ही मशीनला शिव्या घालता.

अजून एक चोरवाट. भुतांच्या घराच्या, म्हणजे ती जिथून बाहेर पडतात त्या मधल्या खोलीच्या, लगेच वर दोन आणि घराच्या खाली, तुमच्या सुरुवातीच्या जागेच्या दोन्ही अंगांना दोन, असे चार चौक आहेत जिथे भुतांना वर वळता येत नाही. तुम्हाला येतं. पाठीमागे रांग लागली असेल तर तिथून वर निघून जा, रांग सरळ पुढे जाईल. भुतं निळी असताना मात्र हा नियम लागू नसतो.

पाचवं काम: चौघांना एका गोळीवर आणणं

कसरत खरी इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिली लेव्हल. खाली उजवीकडची मोठी गोळी डोळ्यांसमोर ठेवा. तिच्या आसपासचे ठिपके खाऊन टाका, गोळी मात्र शिल्लक ठेवा. आता पाठलागाचा काळ सुरू होऊ द्या आणि खालच्या भागात एकाच दिशेनं चक्कर मारा, उदाहरणार्थ सतत डावीकडे वळत. ब्लिंकी मागे लागेल. पिंकी समोरून येऊ पाहील. तिला तोंड दाखवून वळवा, थोड्या वेळात तीही मागे येते. दोन-तीन फेऱ्यांत भुतांमधलं अंतर कमी होत जातं, एकामागे एक अशी माळ तयार होते. घाई इथेच होते. दोन भुतं मागे दिसली की हात गोळीकडे धावतो. धावू देऊ नका. आणखी एक फेरी मारा.

माळ दाट झाली की गोळीच्या अगदी शेजारी या, पण ती खाऊ नका. शेवटचं भूत कुठे आहे ते बघा. पहिलं भूत किती जवळ आलंय हे बघण्यात लोक अडकतात. लक्ष शेवटच्यावर हवं. ते आवाक्यात आलं की गोळी खा. त्या क्षणी सगळी भुतं मागे वळतात आणि त्यांचा वेग ५० होतो, म्हणजे तुम्हाला मागे फिरून त्यांच्यावर धाव घ्यायची असते. गोळी खाल्ल्यावर पुढच्या गल्लीत शिरलात तर वळून येईपर्यंत दोन सेकंद गेलेच. सहातले दोन.

निळी भुतं चौकात कुठे वळतील याचा नुसतं बघून अंदाज बांधता येत नाही, म्हणून माळ चौकात फुटण्याआधी जितकी खाता येतील तितकी खायची. दोन खाल्ली आणि उरलेली दोन दोन दिशांना गेली तर जवळच्यामागे जा, मग दुसऱ्याचा विचार करा. भुतं पांढरी लुकलुकायला लागली आणि अंतर दोन-तीन चौकटींपेक्षा जास्त असलं तर सोडून द्या. हो, लेखाचं नाव काय ते माहीत आहे मला. पण १,६०० साठी लाइफ घालवणं हा तोट्याचा सौदा, कारण ती लाइफ पुढे हजारोंनी फेडते.

सुरुवातीला चारही गोळ्यांवर असं करू पाहू नका. एका डावात एकाच गोळीवर चार. ती बसली की दुसरी.

सहावं काम: फळाच्या वेळी मधे असा

फळ भुतांच्या घराच्या खाली येतं: ७० ठिपके खाऊन झाल्यावर पहिलं आणि १७० झाल्यावर दुसरं. नऊ-दहा सेकंद थांबतं आणि जातं. ते कधी येणार हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे हे लक्षात आलं की खेळ बदलतो. सत्तरावा ठिपका वरच्या डाव्या कोपऱ्यात खाल्लात तर फळ तिथून दिसेल, मिळणार नाही. म्हणून वाट अशी आखा की सत्तरावा आणि एकशेसत्तरावा ठिपका खालच्या मधल्या भागात खाल्ला जाईल. मोजणं जड वाटतं, पण रोज त्याच क्रमानं बोर्ड साफ केला तर मोजायची गरजच पडत नाही. कुठल्या गल्लीत फळ येतं ते हाताला कळतं.

सातवं काम: वाट पाठ करा

मूळ मशीनमध्ये नशिबाचा भाग जवळपास नाही. प्रत्येक लेव्हल सुरू होताना सगळं ठरलेल्या जागी येतं, निळ्या भुतांची भटकंतीसुद्धा. तुम्ही तीच वळणं त्याच क्षणी घेतलीत तर भुतं दर वेळी तशीच वागतात. म्हणून मोठे खेळाडू वाटा पाठ करतात. एकविसाव्या लेव्हलपासून पुढे सगळ्या लेव्हल वागायला सारख्या असतात, त्यामुळे एक पक्की वाट २५५ पर्यंत पुरते. तिथवर जायचं नसलं तरी पहिल्या आणि दुसऱ्या लेव्हलची एकेक वाट स्वतः बसवा. दुसऱ्याची घेतलीत तरी चालेल, पण कुठे का वळायचं ते समजून घ्या. नाहीतर अर्ध्या सेकंदाची चूक झाली की पाठांतर कोलमडतं आणि तुम्ही भर चौकात उघडे पडता.

मात्र हे मूळ गेमला लागू आहे. फोनवरच्या फुकट नकलांमध्ये भुतं वेगळी वागतात, तिथे पाठ केलेली वाट कामाची नाही. १९८२ च्या मिस पॅक-मॅनमध्ये भुतांच्या हालचालीत मुद्दाम अनिश्चितता घातलेली आहे. तिथेही स्वभाव ओळखूनच खेळावं लागतं. आणि टीव्हीवर खेळणार असाल तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्र उशिरा येत असेल तर वर सांगितलेलं कोपरा कापणं कधीच जमणार नाही.

उरलेल्या ६,७६० ची गोष्ट. लेव्हलचा आकडा मशीन एका बाइटमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका छोट्या कप्प्यात, ठेवतं आणि एका बाइटमध्ये २५५ च्या पुढे आकडा मावत नाही. २५६ वी लेव्हल आली की स्क्रीनच्या तळाशी फळांची चित्रं काढणारा प्रोग्रॅम घोटाळतो आणि बोर्डाचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्यानं भरून जातो. डाव्या अर्ध्यात दोन मोठ्या गोळ्या धरून ११४ ठिपके असतात, त्यांचे १,२२०. ७० ठिपक्यांनंतर एक किल्ली येते, ५,०००. उजवीकडच्या कचऱ्यात नऊ ठिपके लपलेले असतात आणि लाइफ गेली की ते परत उगवतात. मशीन पाच लाइफवर लावलेलं असेल, दहा हजारांवर मिळणारी सहावी धरली आणि एकही गमावली नसेल तर सहा वेळा नऊ ठिपके, ५४० गुण. लेव्हल पुरी करण्याइतके ठिपके नसल्यामुळे खेळ तिथेच संपतो. तासन्‌तास एकही लाइफ न घालवता आलेला माणूस मग नऊ-नऊ ठिपक्यांसाठी एकेक लाइफ देत बसतो.

हाच हिशेब दुसऱ्या मशीनवर

आपल्याकडे पार्लर म्हटलं की बऱ्याच जणांना ‘मुस्तफा’ आठवतो, कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. तिथे स्कोअर कोण बघायचं? शेवटच्या स्टेजला पोचलो की भरून पावलो. पण जुन्या गोळीबाराच्या मशीनवर स्कोअर हेच सगळं असतं.

गॅलागात (नाम्को, १९८१) वर रांगेत थांबून मग खाली झेपावणारे शत्रू असतात. त्यांच्यातल्या बॉसला रांगेत मारलं तर १५० गुण, एकटा खाली झेपावत असताना ४००, एका साथीदारासह ८०० आणि दोन साथीदारांसह १,६००. तोच बॉस, दहापटीहून जास्त. म्हणजे रांगेतच सगळ्यांना टिपणारा सुरक्षित खेळाडू स्वस्तात विकतोय. पण आधी दुहेरी यान मिळवा. हाताशी निदान एक जादा यान हवं. बॉसला एक गोळी मारून त्याचा रंग बदलू द्या (त्याला दोन लागतात), मग तो किरण सोडेल तेव्हा मुद्दाम पकडले जा. तुमचं यान लाल होऊन त्याच्यासोबत जाईल. तो ते घेऊन खाली झेपावला की बॉसला मारा, यानाला नाही. यान सुटून तुमच्या शेजारी येतं आणि दोन नळ्यांनी मारा सुरू होतो. बॉस रांगेत असताना त्याला मारलंत तर यान हातचं जातं. दुहेरी यान रुंद असतं, म्हणजे मरणंही सोपं, पण तिसऱ्या स्टेजला आणि मग दर चौथ्या स्टेजला येणाऱ्या चॅलेंजिंग स्टेजमध्ये ते सोन्याचं. तिथे शत्रू गोळ्या मारत नाहीत, ठरलेल्या वाटेनं ४० येतात आणि चाळीसही पाडले तर १०,००० बोनस. कोण कुठून शिरतं तेवढं पाठ करा.

अटारीच्या ॲस्टरॉइड्समध्ये (१९७९) मोठा दगड २०, मधला ५०, छोटा १००. मधूनच येणारी छोटी उडती तबकडी मात्र १,०००. हे आकडे वाचल्यावर काय करायचं ते वेगळं सांगायला नको: एक छोटा दगड शिल्लक ठेवायचा, स्टेज संपू द्यायची नाही आणि येणाऱ्या तबकड्यांची शिकार करायची. दर दहा हजारांना नवं यान, म्हणजे दहा तबकड्यांत एक. लोक यावर तासन्‌तास खेळायला लागले तेव्हा पुढे मशीन बनवणाऱ्यांना तबकडीचा नेम सुधारावा लागला.

स्पेस इन्व्हेडर्समध्ये (टाइतो, १९७८, तोमोहिरो निशिकादो) वरून जाणाऱ्या बशीचे गुण नशिबावर वाटतात, ५० ते ३००. प्रत्यक्षात ते तुम्ही किती गोळ्या झाडल्यात यावर ठरतात. स्टेजच्या सुरुवातीपासून २२ गोळ्या मोजा, तेविसावी बशीसाठी राखा. त्यानंतर दर पंधरावी. बशीला लागली तर ३००. आणि ५५ जणांच्या फौजेतले कडेचे उभे स्तंभ आधी पाडा. भिंतीपर्यंतचं अंतर वाढलं की ते खाली सरकायला जास्त वेळ घेतात.

सराव

एक छोटी वही ठेवा. प्रत्येक लाइफ गेली की तीन गोष्टी लिहा: कुठे, कोणामुळे, तेव्हा काय करत होतो. वीस-पंचवीस डावांची नोंद झाली की चित्र स्वच्छ दिसतं. माझ्या वहीत अर्ध्याहून जास्त वेळा ‘पिंकी, वरचा डावा कोपरा, शेवटचे ठिपके’ असंच निघालं. मग मी तो कोपरा सुरुवातीच्या पांगापांगीत साफ करायला लागलो आणि तो प्रकार संपला.

पहिला आठवडा असा घालवा. दोन दिवस फक्त वळणं, स्कोअरकडे न बघता. दोन दिवस पिंकीला तोंड दाखवून वळवणं, मुद्दाम. पुढचे दोन दिवस खाली उजवीकडची एकच गोळी आणि तिच्यावर चार भुतं. जमलं नाही तर डाव सोडून पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासावर सलग खेळू नका, बोटं आखडली की वळणं उशिरा जायला लागतात आणि वहीत चुकीची कारणं लिहिली जातात. सातव्या दिवशी पूर्ण डाव खेळा. बहुतेक मशीनवर जास्तीची लाइफ १०,००० ला मिळते. तीन गोळ्यांवर चार-चार भुतं खाल्लीत तर नुसते भुतांचेच ९,००० होतात, आणि चौथ्या गोळीला हात लावण्याआधी, पहिल्याच लेव्हलमध्ये, ती लाइफ तुमच्या खात्यात पडलेली असते.